दोब्रिनच्या गाण्याचा शेवट

यासेन्या, ११ मे १९७६

क्रस्तो,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझी मागची दोन्ही पत्रं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून या वेळी पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेतला. राग आला तर येऊ दे, पण आता उघडलंच आहेस तर वाच. बाबांबद्दल आहे.

बाबा बरे आहेत, घाबरू नकोस. गुडघे सोडले तर त्र्याहत्तराव्या वर्षीही माणूस खणखणीत आहे. बातमी अशी, की बेलग्रादहून सिनेमावाले आलेत आणि त्यांना बाबा गातात त्या दोब्रिनच्या गाण्यावर सिनेमा काढायचाय. शाळेसमोरच्या कुरणात सतरा गाड्या उभ्या आहेत. गावातल्या बायांना चिलखतं विणायला दिलीत. खरंच सांगते, जाड राखाडी लोकर. विणून झाली की त्यावर चंदेरी रंग मारतात. श्तामेना काकू चार विणून बसल्या. म्हणाल्या, "सहाशे वर्षांपूर्वीच्या सरदाराला मोजे विणतेय असं वाटतं गं."

मला त्यांनी सल्लागार नेमलंय. हसू नकोस. दिग्दर्शक ओग्नेन पहिल्याच दिवशी शाळेत आला आणि म्हणाला, "बाई, अख्खं गाणं ऐकायला मला सात रात्री लागतील. मला एका पानात द्या." मग दिलं. दोन भाऊ, दोब्रिन आणि रादाच. एक गडाच्या आत, दुसरा वेढा घालणाऱ्यांच्या फौजेत. आई मेलेली, बहीण स्तोयना गडावर. लढाई होते, रादाच पडतो, गड राहतो. शेवटी स्तोयना नदीच्या उतारावर जाते आणि पडलेल्या सगळ्यांची तोंडं धुते, आपल्यांची आणि परक्यांचीही. साडेतीन हजार ओळींचं एक पान केलं आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं.

बाबा आधी तयार नव्हते. एका तारेचं गुसले मांडीवर घेऊन बसले होते, गज हातात, आणि ओग्नेनकडे बघतही नव्हते. मग विचारलं, "शेवट घेणार?"

"कुठला शेवट, आजोबा?"

"नदीवरचा. सगळी तोंडं धुते तो."

ओग्नेनने छातीवर हात ठेवला. "आजोबा, तेच तर माझ्या सिनेमाचं काळीज आहे. त्याच्यासाठीच तर आलो इथवर."

बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ते असं का करतात ते तुला आणि मला सोडून कुणाला कळणार? घरात ज्याचं नाव घेत नाहीत त्याच्यासाठी.

तू जेवणाच्या ताटावर ते नाव घेतलंस आणि मी उठून गेले, ते मी विसरलेले नाही. मुख्याध्यापक समोर बसले होते रे. आणखी काही लिहीत नाही.

यागलिका


यासेन्या, ३ जुलै १९७६

क्रस्तो,

पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही, पण ते परत न येणं हेच मी उत्तर धरून चालते.

इथे रोज जत्रा आहे. स्तोयनाचं काम करणारी पोरगी झाग्रेबची, छान आहे, मन लावून काम करते. बाबांनी तिला जवळ बोलावलं, चष्मा लावून निरखलं आणि मला विचारलं, "हिच्या भुवया कुणी उपटल्या?"

"बाबा, हल्ली तशी पद्धत आहे."

"वेढ्यात उपासमार होती हे खरं. पण भुवया खाण्याइतकी नव्हती."

पोरगी इतकी हसली की तिचा रंग पुन्हा लावावा लागला. पण हसण्यावारी न्यावं असं सगळंच नाही. रादाच आता भाऊ राहिलेला नाही. तो आता परदेशी राजपुत्र आहे आणि स्तोयनाचं त्याच्यावर प्रेम आहे. ओग्नेन म्हणाला, "बाई, दोन सख्खे भाऊ एकमेकांवर तलवार उगारतात हे वरच्या लोकांना पटत नाही. भावांचा विषय आपल्याकडे नाजूक आहे." मी म्हटलं, "मग गाण्यात उरलं काय?" तो म्हणाला, "शेवट उरला ना! शेवटाला कुणी हात लावणार नाही."

बाबांना मी हे सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी काठी टेकत जातात, झाडाखाली बसतात, आणि कॅमेरा फिरतो तेव्हा टोपी काढतात, चर्चमध्ये काढावी तशी. त्यांचं गाणं तीन दिवस टेपवर घेतलं. आवाज जरा चिरकला की थांबून तंत्रज्ञाला म्हणायचे, "हे पुसून टाक बाबा, हे माझं नाही, गुडघ्याचं आहे."

तिकडे स्वीडनमध्ये तुझ्या गोदीत उन्हाळ्याची सुट्टी असते का? सहज विचारलं.

यागलिका


यासेन्या, २९ ऑगस्ट १९७६

क्रस्तो,

गुरुवारी नदीवरचा प्रसंग झाला. मी तिथे होते म्हणून मीच लिहिलं पाहिजे.

मढी म्हणून लष्करातली पोरं आणली होती, शंभरेक. पाण्याच्या काठाला झोपवली, चिखल फासला. गावातल्या बायका स्तोयनाच्या मागून येणार, घागरी घेऊन, आणि तोंडं धुणार. कुणी काही बोलायचं नाही, वरून बाबांचं गाणं येणार. ओग्नेनने भोंग्यातून दोनदा समजावलं.

पहिली दहा मिनिटं ठरल्याप्रमाणे झालं. मग ती पोरं बघ, एकोणीस-वीस वर्षांची, डोळे मिटलेली, तोंडावर चिखल. म्हाताऱ्या योकाने एकाचं तोंड पुसलं आणि तिला रडू फुटलं. तिने आपल्या लेकाला हाक मारली, जो बेचाळीस साली गेला. तिच्यापुढच्या दुसरीनेही. मग सगळ्याच सुरू झाल्या, मयताला रडतात तशा सुरात, नावं घेत. पोरं हलेनात, घाबरली असावीत. ओग्नेन कॅमेऱ्यामागे पुटपुटत होता, "थांबवू नका, कुणी थांबवू नका."

आणि श्तामेना काकू म्हणाल्या, "पेर्को."

मोठ्याने म्हणाल्या. "पेर्को रे, तुला कुणी धुतलं? कुठल्या पाण्याने धुतलं तुला?" एकतीस वर्षांत त्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव आलं नव्हतं. तो युद्धात त्या, हरलेल्या बाजूने लढला म्हणून थडगं नाही, तसबीर नाही, आणि विधवा म्हणायचीही सोय नाही. बाकीच्या बायका त्यांच्याकडे वळल्या. मग योकाने, जिचा मुलगा आपल्या बाजूने लढताना मेला, तिने काकूंच्या हातात आपली घागर दिली.

बाबा झाडाखाली उभे होते. टोपी हातात होती. आपल्या सख्ख्या भावाचं नाव ऐकलं त्यांनी, आणि मला वाटलं आता कोसळतात. पण ते घरी आले, मक्याचं घाटलं ताटभर खाल्लं, वरून दही घेतलं. म्हणाले, "आता ते सगळीकडे दिसेल. माद्रिदलाही." माद्रिद कुठून आठवलं त्यांना कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या तालुका समितीचे कॉम्रेड द्रागिशा शाळेत आले होते. कॉफी घेतली, चित्रीकरणाची चौकशी केली, गेले.

सिनेमावाले परवा निघाले. कुरणात गवत उरलेलं नाही.

यागलिका


यासेन्या, २० नोव्हेंबर १९७७

क्रस्तो,

सव्वा वर्ष लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, असं म्हणू या.

गेल्या रविवारी दुपारी तालुक्याच्या संस्कृती भवनात सिनेमा दाखवला. गावासाठी दोन बसगाड्या आल्या होत्या. बायकांनी काळे रुमाल इस्त्री करून बांधले. बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची. लग्नात शिवलेला कोट घातला होता, आणि कोटात माणूस आता अर्धाच उरलाय.

काय सांगू तुला? चिलखतं लोकरीची दिसतात. गडाच्या मागे एकदा विजेचा खांब आला, आणि मागच्या बाकावरून कुणी ओरडलं, "आमच्या गावात अजून वीज नाही, सरदाराला मिळाली!" स्तोयना आणि राजपुत्र धबधब्याखाली भेटतात. दोब्रिन भाषण करतो, आणि ते भाषण शाळेच्या भिंतीवर लावायच्या फलकासारखं आहे. बाबांचा आवाज नाहीच. रेडिओवरचं चाळीस जणांचं समूहगान आहे, त्यात गुसले कुठे हरवलं ते शोधावं लागतं.

लोक हसत होते, बाबा हसत नव्हते. ते वाट बघत होते. मी त्यांच्या शेजारी होते म्हणून सांगते, त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते मनात ओळी म्हणत होते. पडद्यावर काहीही चालू असो, ओठ हलत होते.

शेवटी दोब्रिन पांढऱ्या घोड्यावरून गडात शिरला, लोकांनी फुलं टाकली, समूहगान वर चढलं, आणि दिवे लागले.

नदी नव्हती.

श्तामेना काकूंनी मागून माझ्या खांद्याला हात लावला. "यागा, आमचं कधी येतं गं?"

"झालं, काकू. संपला."

"अगं, आम्ही तर अजून आलोच नाही."

त्या बसूनच राहिल्या. झाडूवाला आला तरी उठेनात. योका शेजारी बसून राहिली. शेवटी दोघींना हाताला धरून बसमध्ये नेलं.

लांबी जास्त झाली म्हणून तो भाग काढला, असं ऐकलं. दिवे लागल्यावर मंचावर चारदोन लोकांचे सत्कार झाले, त्यात माझंही नाव होतं. त्या दिवसापासून बाबा गायलेले नाहीत. गुसले खुंटीवर आहे आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपतात.

यागलिका


यासेन्या, ९ फेब्रुवारी १९७८

क्रस्तो,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी आलं आणि त्यात तीन शब्द. माल्मोच्या आपल्या लोकांच्या क्लबात तू तो सिनेमा बघितलास हे मला त्या शब्दांवरूनच कळलं. "शेवट कुणी कापला?"

मी कापला.

आता सरळ लिहिते, कारण आडवळणाने दोन वर्षं लिहून झालं. द्रागिशा शाळेत आले तेव्हा कॉफीबरोबर त्यांनी दार लावायला सांगितलं. म्हणाले, "बाई, नदीवर एका म्हातारीने एक नाव घेतलं."

मी म्हटलं, "रडण्याच्या भरात, कॉम्रेड. सगळ्याच नावं घेत होत्या."

"त्याबद्दल काही नाही. मी म्हाताऱ्या बायकांच्या मागे लागणारा माणूस नाही. मला एवढंच सांगा, ते तोंडं धुण्याचं मूळ गाण्यात आहे का?"

मी टेबलावरच्या वह्या सरळ केल्या.

"म्हणजे बघा," ते म्हणाले, अगदी समजूतदारपणे, "नसेल, तर प्रश्न मिटला. गाण्यात नसलेला भाग सिनेमात कशाला? काढून टाकू, सगळे विसरून जातील. पण असेल, तर मग विचारावं लागेल, की तुमचे वडील तीस वर्षं गावोगाव दोन्ही बाजूंची मढी धुतात ती कुणासाठी? आणि त्या म्हातारीला हे कुणी शिकवलं? तुम्ही विद्वान आहात. लिहून द्या, म्हणजे मला कागद होईल."

मी दोन पानं लिहिली. गाण्याचा शेवट दोब्रिनच्या गडप्रवेशाने होतो, नदीवरचा भाग नंतर कुणीतरी जोडलेला, भाषा वेगळी, अस्सल नाही. दाखले दिले, तेही बनवून. सही केली. तू म्हणशील, नोकरीसाठी केलं. हो, नोकरीसाठी केलं. काकूंसाठीही केलं, बाबांसाठीही, पण कुणासाठी किती केलं हे मला आजही वेगळं करता येत नाही, आणि तेच मला छळतं. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त काय वाटलं सांगू? सुटका. द्रागिशांनी कागद घडी करून खिशात घातला तेव्हा मी त्यांना आणखी कॉफी विचारली.

आणि हे बाबांना कळलं कसं? सत्कारात. मंचावर द्रागिशांनी माझा हात हातात घेतला आणि भरल्या सभागृहाला सांगितलं, "गाण्यात मागाहून घुसलेला खोटा शेवट शोधून काढून अस्सल पाठ आपल्याला परत देणाऱ्या आपल्या यागलिकाबाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं वाजवायच्या असतात. तिसऱ्या टाळीला त्यांचे हात थांबले.

घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत, आणि नंतरही नाहीत. मी रोज त्यांच्यासमोर ताट ठेवते, ते खातात, ताट मला परत देतात. ओरडले असते तर बरं झालं असतं. तू ओरडला होतास. तू म्हणालास, "तू माझी बहीण नाहीस, शिक्षण खात्याची बाई आहेस," आणि मी सात वर्षं मनात तुझ्याशी भांडले. आता भांडत नाही.

एवढंच. परत लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

यागलिका


यासेन्या, १९ मार्च १९७८

क्रस्तो,

हे पोस्टाने पाठवत नाही. योकाचा जावई ट्रक घेऊन हॅम्बुर्गला चाललाय, तो तिथून टाकेल. सोबत आणखी कागद आहेत, ते आधी वाचू नकोस. आधी हे वाच.

परवा सकाळी बर्फ वितळायला लागलं तेव्हा बाबा बाहेर बाकावर येऊन बसले. मी भांडी घासत होते. त्यांनी हाक मारली. चार महिन्यांनी.

"यागा, तू त्या कागदावर काय लिहिलंस ते सांग. जसंच्या तसं."

मला पाठ होतं. ओल्या हातांनी उभी राहून सांगितलं. नंतर जोडलेला भाग, भाषा वेगळी, अस्सल नाही. ते मान हलवत ऐकत होते, माझे विद्यार्थी ऐकतात त्यापेक्षा नीट.

"भाषा वेगळी हे कुठून कळलं तुला?"

"कळलं नाही, बाबा. बनवलं. मी खोटं लिहिलं."

"नाही," ते म्हणाले. "खरं लिहिलंस."

मला वाटलं टोमणा आहे. पण बाबा टोमणे मारताना डोळे बारीक करतात, तसे ते केलेले नव्हते.

"मी गाणं ज्यांच्याकडून शिकलो," ते म्हणाले, "त्यांच्या गाण्यात दोब्रिन गडात येतो, जेवणावळ होते, आणि गाणारा श्रोत्यांना आयुष्य चिंततो. संपलं. त्यांच्याही गुरूचं तसंच. सिनेमातला शेवट बरोबर आहे. घोडा तेवढा पांढरा नव्हता."

"आणि नदी?"

"नदी माझी."

मग त्यांनी सांगितलं, क्रस्तो. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात, पेर्को परत येणार नाही हे नक्की झालं तेव्हा. प्रेत नाही. विचारायची सोय नाही, कारण विचारणारा भाऊ जिंकलेल्या बाजूचा. बाबांना आपल्या आईला सांगता येईना की तो पुरला की उघड्यावर राहिला. "मला त्याला धुवायचं होतं," बाबा म्हणाले. "दुसरीकडे जागा नव्हती. गाण्यात होती. गाण्यात शेवटी थोडी जागा असते, लोक उठायच्या तयारीत असतात तेव्हा. तिथे ठेवला त्याला."

"कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"पहिल्यांदा गायलो तेव्हा सगळं गाव बसलं होतं. सगळ्यांना खरा शेवट पाठ. मी नदीवर गेलो तेव्हा एकजण खोकला, बस. मग कुणी एक शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. योकाचा लेक आमच्या बाजूने गेलेला, तीही बसून होती. तीस वर्षं सगळ्यांनी ते जुनं म्हणून ऐकलं. तुम्ही पोरं तेवढी खरंच जुनं समजलात."

मी खाली बर्फावरच बसले. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. दीड वर्ष मला वाटत होतं, की मी एक जुनं गाणं खोटं ठरवलं. आता कळलं, की मी माझ्या बापाचं रडणं खोटं ठरवलं. त्याला वर तज्ज्ञाची सही. तेही मी न ओळखता, गावातल्या प्रत्येक म्हातारीला जे ठाऊक होतं ते ठाऊक नसताना.

मी म्हटलं, "बाबा, मी समितीला पुन्हा लिहिते. मागे घेते."

"गप. श्तामेना जिवंत आहे अजून." मग थोड्या वेळाने, "कागद आण. शाईचं पेन आण. मी आता गाणार नाही, आवाज गेला. पण सांगतो, तू लिही."

दोन दिवस लागले. एकशे चौदा ओळी. मी पन्नासदा तरी ऐकलेल्या, तरी लिहिताना पहिल्यांदाच ऐकल्या.

तोंड धुतले एकाचे, ते निघाले वैऱ्याचे;
पुन्हा भरली ओंजळ तिने, पाण्याला कुठले वैर?

शेवटच्या दहा ओळींत स्तोयनाला भाऊ सापडतो. तिथे ते थांबले, चष्मा पुसला आणि सावकाश सांगितलं, "तिने चिखल पुसला आणि खाली पेर्को होता."

मी पेन उचललं. "रादाच ना, बाबा?"

"सांगतो ते लिही."

मी लिहिलं. मग त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. तुला आठवतं, गाणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं यावर ते आपल्याला किती बोलायचे? गाणं कुणाचंच नसतं म्हणायचे. त्या माणसाने माझ्या हातून पेन घेतलं, जीभ दातांत धरली आणि शेवटच्या ओळीखाली आपलं नाव लिहिलं, मशान, पेर्कोचा भाऊ. शाई सुकेपर्यंत फुंकत बसले.

म्हणाले, "क्रस्तोकडे पाठव. इथे घरात नको."

तेच कागद सोबत आहेत. नक्कल करून ठेवू का म्हणून विचारलं, तर ते नाही म्हणाले. तेव्हा एवढी एकच प्रत आहे. मला उत्तर पाठवायची गरज नाही, क्रस्तो. वाचून झालं की बाबांना लिही. मोठ्या अक्षरात लिही, ते आता स्वतः वाचणार आहेत.

यागलिका